डबल दांडी: एका बोर्ड ट्रॅक रेसरच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, दसरा

मामांच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात सकाळी हत्यारांची पूजा झाली. लेथला, दोन्ही व्हाइसना आणि गॅसच्या टॉर्चला झेंडूचे हार घातले. यंदा मांडणीत एक सायकलही होती. कळव्याच्या एका दूधवाल्याने मोटरसायकल घेतली आणि त्याची जुनी सायकल चाळीच्या जिन्याखाली वर्षानुवर्षं पडून राहिली. त्याने ती मला चौदाशे रुपयांना दिली. काळी, चोवीस इंची, डबल दांडीची. मामींनी हँडलला हळद-कुंकू लावलं, दांडीवर आपट्याचं पान ठेवलं.

काय बनवायचंय ते आज एकदा नीट लिहून ठेवतो.

१९१०च्या सुमाराला अमेरिकेत लाकडी ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती होत. ट्रॅक गोल किंवा लंबगोल असे, वळणं भिंतीसारखी चढलेली असत. पायाखाली चार बाय दोनच्या लाकडी पट्ट्या, त्याही धारेवर उभ्या करून एकमेकींना खिळ्यांनी ठोकलेल्या. या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांना बोर्ड ट्रॅक रेसर म्हणतात. मोठी बारीक चाकं, सीटपेक्षा खाली उतरलेलं हँडल, दांड्यांच्या मध्ये अडकवलेली चपटी टाकी. मडगार्ड नाही, बऱ्याच गाड्यांना गिअर नाही, आणि ब्रेक तर नाहीच.

पहिल्यांदा असल्या गाडीचा फोटो पाहिला तेव्हा मला ती मोटरसायकल वाटलीच नाही. इंजिन अडकवलेली सायकल वाटली, आणि ते बरोबरच होतं. 'इंडियन' मोटरसायकल काढणारा जॉर्ज हेंडी आधी सायकली बनवायचा, स्वतः सायकलच्या शर्यतीत उतरायचा. त्याचा इंजिनिअर ऑस्कर हेडस्ट्रॉम हाही सायकलवालाच. लाकडी ट्रॅक गावोगाव उभारणारा जॅक प्रिन्स हा जुना सायकलपटू. सायकलच्या शर्यतींचे लाकडी ट्रॅक आधीपासून होतेच, त्याने ते मोटरसाठी मोठे केले. १९१०मध्ये लॉस एंजेलिसजवळ प्लाया देल रे इथे त्याने एक मैलाचा पूर्ण गोल ट्रॅक बांधला.

म्हणून मला यातली सायकलच बनवायची आहे. इंजिन नसलेली, पण तीच बैठक, तीच रेष.

५ ऑक्टोबर, रविवार

मापं घेतली. लेक सोबत होती, ती आकडे वहीत उतरवून घेत होती.

डबल दांडीचं कौतुक मला आज खऱ्या अर्थाने कळलं. आपल्याकडे ही दुसरी दांडी ओझ्यासाठी असते. दुधाचे कॅन, पावाच्या जाळ्या, गॅसचे सिलिंडर. बोर्ड ट्रॅकच्या गाडीत टाकी बसवायला फ्रेममध्ये जसं समांतर नळ्यांचं घर असतं, जवळजवळ तसंच घर इथे तयार मिळतं. परदेशात हौशी लोक हे घर मिळवायला सायकलच्या फ्रेममध्ये वेगळी नळी जोडून घेतात. आपल्या दूधवाल्याकडे ते दारात उभं आहे. शिवाय हँडलची नळी चांगली मागे कललेली, चाकांमधलं अंतर लांब, मागच्या चिमट्याला आडव्या खाचा. ही जुन्या इंग्लिश रोडस्टरची, म्हणजे रोजच्या वापराच्या दणकट सायकलीची घडण. आपल्या कारखान्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या बदलली नाही, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या सायकलची भूमिती आजही कळव्याच्या चाळीत सापडते.

दोन दांड्यांमध्ये मोकळी जागा अडीच इंच. टाकीसाठी कमी आहे. खालच्या दांडीला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी, दोन फाकांची टाकी करावी लागेल. ते नंतर बघू.

मोटर बसवायची का, हा प्रश्न ऑफिसात दोघांनी विचारला. नाही. त्या गाड्यांसारखं मोठं इंजिन बसवलं की ती मोटार वाहन होते, नोंदणी लागते, आणि घरी जुळवलेल्या गाडीला ती मिळवणं माझ्यासारख्याच्या आवाक्यातलं नाही. मला ही रस्त्यावर उजळ माथ्याने चालवायची आहे.

लेकीने वही मिटताना विचारलं, "बाबा, यात ब्रेक कुठे लिहू?" मी म्हणालो, मूळ गाडीला नसतात. तिने तो रकाना रिकामा ठेवला.

१२ ऑक्टोबर

सगळं उघडलं. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, ब्रेकचे रॉड बाजूला. डाव्या क्रँकची कॉटर पिन, म्हणजे क्रँक आसावर घट्ट धरणारी पाचर, हलेना. तीन दिवस डिझेल पाजलं होतं, तरी नाही. मामांनी क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा भक्कम टेकू म्हणून लावला आणि एकच घाव घातला, सरळ. निघाली. टेकू नसता तर तो घाव बीबीच्या, म्हणजे क्रँकचा आस जिथे फिरतो त्या घराच्या छर्ऱ्यांवर गेला असता.

कप-कोन चांगले आहेत. छर्रे नवीन घेणार.

रंग खरवडल्यावर वाईट बातमी. खालची दांडी सीटच्या नळीला जिथे मिळते तिथे अर्ध्या घेराची चीर. वर्षानुवर्षांच्या कॅनच्या वजनाने गेलेली. बाहेरून काळ्या रंगाखाली दिसतच नव्हती.

१९ ऑक्टोबर

उद्या पहिली आंघोळ. मामा म्हणाले, दिवाळीच्या आत जोड बसवून टाकू, तडा गेलेली वस्तू सणात ठेवायची नाही.

इलेक्ट्रिक वेल्डिंग करायचं नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सायकलची नळी पातळ असते. आर्क लावला की कडेचं लोखंड एकदम तापतं, एकदम थंड होतं आणि पुढची चीर वेल्डच्या शेजारी उघडते. मूळ फ्रेम पितळेने जोडलेली आहे, दुरुस्तीही पितळेनेच.

अर्धा दिवस साफ करण्यात गेला. चिरेच्या टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. नळीच्या आत बसेल असा तीन इंचांचा तुकडा लेथवर उतरवला. फट किती ठेवायची यावर मामा फार काटेकोर. तुकडा हाताने सरकायला हवा, पण हलता कामा नये. पितळ केशाकर्षणाने आत शिरतं. फट मोठी झाली तर ते ओढलं जात नाही, नुसतं साचतं, आणि फारच घट्ट असेल तर शिरायला वाट नाही. मग एमरी पेपर, मग थिनर, मग हात न लावता टाकणखाराचा लेप. टाकणखार तापला की काचेसारखा वितळून लोखंडावर पसरतो, हवा लागू देत नाही, गंजाची साय धरू देत नाही.

मग गॅस. मी आतापर्यंत पितळेची कांडी ज्योतीत धरून वितळवायची असं समजत होतो. मामांनी माझा हात मागे घेतला. "कांडीला आच नको दाखवू. जोडाला तापव. जोड जेव्हा तिला वितळवेल तेव्हाच ती द्यायची." नळी लाल झाली, मग नारिंगी. दोन्ही तुकडे सारख्या रंगाचे होईपर्यंत ते ज्योत फिरवत राहिले, जाड भागावर जास्त वेळ, पातळावर कमी. कांडी टेकवली आणि पितळ पाण्यासारखं आत गेलं. ज्योत पलीकडे नेली तसं ते पलीकडच्या कडेतून सोनेरी रेघ होऊन बाहेर आलं. मामा म्हणाले, "पितळ आचेच्या मागे जातं. तू जिथे नेशील तिथे येईल."

ती रेघ पूर्ण घेराला दिसली म्हणजे जोड आतून भरला. याहून सुंदर गोष्ट मी या गाळ्यात पाहिलेली नाही, आणि मी इथे लहानपणापासून येतोय.

शटर पूर्ण वर होतं, पंखा बाहेरच्या दिशेने. पितळेतल्या जस्ताचा धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. थंड करायला पाणी नाही, आपोआप निवू दिलं. टाकणखाराची काच गरम पाण्याच्या फडक्याने हळूहळू सुटली.

२ नोव्हेंबर

चाकांचा विचार. मूळची २८ बाय दीडची चाकं ठेवायची इच्छा होती, ६३५ मिलिमीटरची रिम, तिचा तो भव्यपणा. अडचण तारांची. आपल्या रोडस्टरला जुन्या ब्रिटिश पद्धतीने पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. मला मागे बसवायचा आहे उलट पॅडल मारून लागणारा कोस्टर ब्रेकचा हब, तो ३६ भोकांचा.

होय, ब्रेक बसवायचा ठरवलं. लेकीचा तो रिकामा रकाना डोक्यातून जात नव्हता. कोस्टर ब्रेक सगळा हबच्या पोटात असतो. बाहेरून दिसतो तो एक हातभर नव्हे, वीतभर पट्टीचा दांडा. म्हणजे सायकल बिनब्रेकची दिसेल आणि थांबेलही. आणि तो त्या काळाला सोडूनही नाही. अमेरिकेत १९०० साल उजाडायच्या आधीच कोस्टर ब्रेक बाजारात आले होते.

उपाय म्हणून हायब्रीड सायकलच्या ३६ भोकांच्या रिम घेतल्या, ६२२ मिलिमीटरच्या. त्रिज्येत फरक जेमतेम साडेसहा मिलिमीटर. चाळीस मिलिमीटरचे जाडसर टायर चढवल्यावर चाकाची उंची ७०० मिलिमीटर भरते. नजरेला कळत नाही. टायर मलई रंगाचे मिळाले. रबरात काजळी मिसळायला लागण्याआधीचे टायर पांढरटच असत, म्हणून हा रंग.

नौपाड्यातल्या ज्या दुकानात मी शाळेत असताना पंक्चर काढून घ्यायचो तिथेच चाकं बांधली. तिथल्या काकांनी मला बांधू दिली आणि आउट, म्हणजे चाकाची डगमग, स्वतः काढला.

९ नोव्हेंबर

हँडल. सात अष्टमांश इंचाची नळी, खाली आणि मागे वळणारी. बाजारात तयार मिळतात ती रेसिंग सायकलची हँडलं पुढे झेपावतात. बोर्ड ट्रॅकचं हँडल बाहेर पसरून खाली उतरतं, स्वाराचे हात गुडघ्यांपाशी येतात.

नळीत रेती ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या, मग तापवून साच्याभोवती वाकवायची. रेतीमुळे नळी चेपत नाही. पण रेती ओली असली तर आत वाफ होते आणि गुट्टी गोळीसारखी उडते. पावसाळा संपला तरी गाळ्यातल्या पोत्यातली रेती दमट होती. मामींच्या जुन्या लोखंडी तव्यावर तासभर भाजली, वाफ यायची थांबेपर्यंत.

पहिली नळी मोडली. बाकावर नीट ठोकून रेती बसवली नव्हती, मध्ये पोकळी राहिली, तिथेच घडी पडली. दुसरीला वीस मिनिटं ठोकत बसलो. रेती खाली बसते, वर जागा होते, पुन्हा भरा, पुन्हा ठोका. आणखी एक गोष्ट मामांनी दाखवली. या नळ्या पत्रा गोल करून लांबीला जोडलेल्या असतात. ती शिवण वळणाच्या आत किंवा बाहेर ठेवायची नाही. बाहेर ठेवली तर ताणाने उघडते, आत ठेवली तर दबून सुरकुतते. शिवण बाजूला, जिथे ताणही नाही आणि दाबही नाही.

दोन्ही बाजू सारख्या आल्या. पुठ्ठ्याच्या साच्याला लावून पाहिलं, चार मिलिमीटरचा फरक. थंडच दाबून काढला.

१६ नोव्हेंबर

क्रँक, बीबी, चेन. पुढे ४४ दात, मागे १८. पॅडलच्या एका फेरीला सायकल सुमारे पाच मीटर चाळीस सेंटिमीटर जाते. सीट जुनीच, चामडं तेल लावून मऊ केलं.

२३ नोव्हेंबर

पहिल्यांदा चालवली, गाळ्यांच्या मधल्या रस्त्यावर. रविवार, सगळी शटरं बंद, एक कुत्रा सोडून कोणी नाही. बैठक अपेक्षेपेक्षा सोपी. छाती खाली जाते, कोपर वाकतात, नजर आपोआप दूर लागते. सायकल एका रेषेत इतकी शांत चालते की हँडल हलकं धरावं.

तिसऱ्या फेरीत ब्रेक लावला आणि मागून कडकन आवाज आला. पॅडल उलटं फिरत राहिलं, ब्रेक गायब. समोर बंद गेट. पाय घासत थांबलो, बुटाचा तळ फाटला, मला काही झालं नाही.

कोस्टर हबचा दांडा चिमट्याच्या नळीला एका क्लिपने बांधलेला असतो. ब्रेक लागला की हबला फिरायचं असतं, हा दांडा त्याला धरून ठेवतो. क्लिप मी एक मिलिमीटरच्या पत्र्याची केली होती. ती उघडली, दांडा गर्रकन खाली फिरला. चूक सर्वस्वी माझी. त्या क्लिपवर किती जोर येतो याचा हिशेब न करता ती बसवली.

३० नोव्हेंबर

तो हिशेब आज केला. मी आणि सायकल मिळून ९० किलो. मागचा ब्रेक दर सेकंदाला वेग अडीच मीटर प्रतिसेकंदाने कमी करतो असं धरलं तर टायरवर २२५ न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर, म्हणजे हबवर जवळपास ७९ न्यूटन-मीटरचा पीळ. दांडा १६ सेंटिमीटरचा. टोकाला येतात ४९० न्यूटन. म्हणजे एवढ्याशा क्लिपवर ५० किलोचं पोतं, आणि तेही झटक्याने.

लेकीने विचारलं, "म्हणजे माझ्यापेक्षा जड?" तिच्या दीडपट.

नवी क्लिप तीन मिलिमीटर पट्टीची, नळीच्या गोलाईला तंतोतंत वाकवलेली, सहा मिलिमीटरचा हाय टेन्साइल बोल्ट, हादऱ्याने न सुटणारा नायलॉक नट. मामांनी व्हाइसमध्ये पकडून दांड्याला पाइप लावून दोघांचा जोर टाकून पाहिला. हलली नाही.

७ डिसेंबर

सकाळी सहाला उपवन तलावाच्या रस्त्यावर चाचणी. फिरायला येणाऱ्यांच्या आधी. फोनवर वेग बघून ताशी २५ किलोमीटरला खडूच्या रेघेवर ब्रेक, लेकीच्या हातात टेप. सहा वेळा. सरासरी साडेदहा मीटर.

साडेदहा मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या चार रिक्षा. कोस्टर याहून चांगला होऊ शकत नाही, दोष हबचा नाही. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं, आणि हलक्या चाकाची पकड तेवढीच. चौथ्या वेळी जोर वाढवला तर चाक अडकून घसरलं आणि अंतर उलट वाढलं. शिवाय चेन उतरली तर कोस्टर ब्रेकही गेला. चालणं आणि थांबणं, दोन्ही एकाच धाग्यावर.

म्हणजे पुढचा ब्रेक हवा. आणि पुढचा ब्रेक दिसणार. लिव्हर, केबल, रिम दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर, सगळं दिसणार. ज्या रेषेसाठी गेले दोन महिने घालवले तिच्यावर ते आडवं येणार.

रात्री यावर खूप वेळ बसलो. ब्रेक का नव्हते ते कारण मला ठाऊक आहे. सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने धावत असताना अचानक हळू होणारा स्वार मागच्यासाठी भिंत ठरतो. वजनही वाचतं. इंजिन बंद करायचं बटण हाताशी, तेवढाच लगाम. ट्रॅकच्या आतल्या जगात हे तर्काला धरून होतं. पण लाकूड उघड्यावर पडून सडायचं, फळ्या उखडायच्या, इंजिनातलं तेल सगळं बाहेर ट्रॅकवर सांडायचं, कारण तेल फिरवून परत घ्यायची सोय त्या इंजिनांत नव्हती. आणि प्रेक्षक कुठे बसायचे, तर त्या तिरक्या भिंतीच्या वरच्या काठावर.

८ सप्टेंबर १९१२ला न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या ट्रॅकवर एडी हाशाची इंडियन वरच्या कठड्यावर चढली. हाशा गेला, मागून येणारा जॉनी अल्ब्राइट गेला, आणि कठड्यापाशी वाकून बघणारे प्रेक्षकही गेले. त्यांत मुलं होती. त्यानंतर वर्तमानपत्रं मोटरड्रोमला, म्हणजे अशा ट्रॅकला, मर्डरड्रोम म्हणू लागली. ही गोष्ट मी पूर्वीही वाचली होती, पण मुलं होती हे वाक्य आज पहिल्यांदा थांबून वाचलं. माझ्या सायकलच्या रस्त्यावर कठडाही नाही. उपवनला सकाळी साडेसहाला मुलं स्केटिंग करत येतात.

रेष थोडी बिघडेल. बिघडू दे.

१४ डिसेंबर

मूळचा रॉडचा ब्रेक वापरता येत नाही. त्याचे रबर रिमला आतल्या, तारांकडच्या बाजूने वर ओढले जाऊन लागतात, त्यासाठी जुन्या घडणीची खोलगट रिम लागते. माझ्या रिमच्या बाजू सपाट आहेत, त्यांना कॅलिपरच हवा. चाक लहान झाल्यामुळे कॅलिपरचे हात लांब लागले. पुढच्या चिमट्याच्या डोक्यात सहा मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं, आधी मार्किंग तीनदा तपासून.

लिव्हर एकच, उजव्या हाताला, आपल्याकडच्या सवयीप्रमाणे. मुठीखाली उलटी बसवली आहे. केबल हँडलच्या मागून येते. मामा पाच पावलं मागे जाऊन बघत उभे राहिले. म्हणाले, "आता ही चालवायची सायकल झाली. आधी ती फोटो होती."

पुन्हा उपवन. दोन्ही ब्रेक मिळून सरासरी साडेपाच मीटर. लेकीने पहिल्या पानावर जाऊन तो रकाना भरला: "ब्रेक – दोन."

२१ आणि २८ डिसेंबर

टाकी. दोन रविवार गेले, पण बघत राहावं असं काम. शेजारच्या गाळ्यात गाड्यांचं डेंटिंग करणारे एक कारागीर आहेत. त्यांच्याकडून पत्रा ठोकायचं शिकलो. बावीस गेजचा पत्रा, रेतीची चामडी उशी, लाकडी हातोडा. मधून बाहेर ठोकत गेलं की पत्रा फुगतो, कडेला सुरकुती येते, ती लोखंडी गुल्ल्यावर चेपून आत जिरवायची. मी सुरकुतीवर जोरात मारत होतो आणि ती दुसरीकडे पळत होती. ते म्हणाले, "हळू मारा, जास्त वेळा मारा."

तासाभराने पत्रा दगडासारखा कडक होतो. लाल करून निवू दिला की पुन्हा ऐकतो. असं तीनदा.

दोन फाका, ५२ सेंटिमीटर लांब, पुढचं टोक गोल, मागचं निमुळतं. खालच्या दांडीला दोन्हीकडून मिठी मारून चार पितळी स्क्रूंनी बंद. वरचं झाकण लेथवर पितळेत केलं, ते फिरवून उघडतं. आत पंक्चरचं सामान, पान्हा आणि एक सुटी क्लिप.

११ जानेवारी २०२६

रंग राखाडी. हार्ले-डेव्हिडसन १९१६पर्यंत राखाडी गाड्या काढत, नंतर ऑलिव्ह हिरवा आला. इंडियनचा लाल जास्त लोकांना ओळखू येतो, पण राखाडीवर पितळ खुलतं आणि मामांच्या जोडाची रेघ मला उघडी ठेवायची होती. तिथे रंगाऐवजी लॅकर मारला.

टाकीवर कोणत्याही कंपनीचं नाव घालणार नव्हतो. ज्यांनी ही बनवली नाही त्यांचं नाव का? पण नुसती टाकी बोडकी दिसत होती. त्या काळच्या टाक्यांवर कडेने बारीक सोनेरी रेघ असते. दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक जुने पेंटर कोपरीला आहेत, त्यांच्याकडे ती रेघ मारायला नेली. त्यांनी टाकी मांडीवर घेतली, खारीच्या केसांच्या लांब ब्रशने एका श्वासात रेघ ओढली आणि म्हणाले, "ही शिरोरेखाच आहे. हिच्याखाली अक्षर लटकवा."

त्या एका वाक्याने काम झालं. सोनेरी रेघ पुढून सरळ येते आणि मध्यावर तिलाच 'ठाणे' ही दोन अक्षरं लटकतात, मग रेघ तशीच मागे जाते. इंग्रजी अक्षरांना रेघेच्या वर किंवा खाली वेगळं उभं राहावं लागतं. आपली लिपी रेघेतूनच उतरते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या टाक्यांची रेघ जणू देवनागरीसाठीच ओढली होती, असं मला वाटून गेलं. मात्रा रेघेच्या वर जाते तिथे त्यांनी थोडं जास्त सोनं दिलं आहे.

२५ जानेवारी

इस्टेटमधल्या मशीनच्या खोक्यांचं पाइनचं लाकूड गोळा केलं होतं. त्याच्या चार बाय दोनच्या पट्ट्या करून धारेवर उभ्या ठोकल्या, सहा फूट लांब, दोन फूट रुंद. सायकल उभी करायला मंच हवा होता आणि त्या जमिनीवरून चाक जाताना काय वाटतं तेही बघायचं होतं. पट्ट्या धारेवर का, ते ठोकताना कळलं. आडवी फळी वजनाने वाकते, उभी वाकत नाही. पण प्रत्येक सांध्यात बारीक पायरी राहते. रंधा मारूनही राहते. सहा फुटांत हँडलला जो खडखडाट आला तो त्यांना ताशी दीडशेच्या आसपास अखंड सोसायचा होता.

लेकीला उताराचं गणित करून दाखवलं. उताराच्या कोनाचा टॅन म्हणजे वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्व यांच्या गुणाकाराने भागायचं. ताशी १४५ किलोमीटर वेग, मैलाचा गोल, त्रिज्या २५६ मीटर: ३३ अंश पुरतात. हाच वेग पाव मैलाच्या गोलावर, त्रिज्या ६४ मीटर: ६९ अंश. न्यूअर्कचा ट्रॅक पाव मैलाचा होता. तिने कंपासपेटीतला कोनमापक भिंतीला लावून ६९ अंश बघितले आणि बराच वेळ बोलली नाही.

१ फेब्रुवारी

येऊरचा डोंगर. पहाटे पावणेसहाला घरून निघालो, गेटपाशी गारवा होता. चढाला ४४-१८ जड जातं, एका ठिकाणी उतरून ढकलली. वर पोचल्यावर रोजच्या सायकलवाल्यांपैकी एक काका कार्बनची सायकल टेकवून जवळ आले, टाकीवर बोट फिरवलं, आणि म्हणाले, "ही डबल दांडी! आमच्याकडे पाव यायचा हिच्यावर."

उतारावर मुद्दाम दोन्ही ब्रेक वेगवेगळे वापरून पाहिले. पुढचा निर्धास्त. मागचा कोस्टर सतत धरला तर दुसऱ्या वळणानंतर पायाला मऊ लागायला लागला. खाली थांबून हबला हात लावला, धरवत नव्हता, जळक्या ग्रीसचा वास. लांब उतारावर कोस्टरने वेग धरून ठेवायचा नाही, तो थांबण्यासाठी ठेवायचा. उताराचं काम पुढच्याचं.

क्लिप तपासली. बोल्टवर मारलेली पांढरी खूण जागची हललेली नाही.

पुढच्या रविवारी हब उघडून ब्रेकच्या पट्ट्या बघायच्या, जास्त उष्णता सोसणारं ग्रीस भरायचं. दूधवाल्याला निरोप दिला आहे, तोही येतो म्हणाला.